हात जड का झाले?

३ मार्च

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला टाकशील असं धरूनच लिहायला बसले आहे. आई गेली तेव्हा मी चार ओळींचं कार्ड टाकलं होतं, त्यानंतर हे पहिलंच. सगळा क्लब तुला पोस्टमन म्हणायचा, खाकी पिशवी अडकवून तू खरोखरच घरोघर पत्रं वाटायचास, आणि एकोणतीस वर्षांत सख्ख्या बहिणीला तुझं एक उत्तर नाही. नवा पत्ता क्लबाच्या डॉक्टरांकडून मिळाला. तिकडे बंदरापाशी टपाल छाटणीच्या कचेरीत आहेस म्हणे, आणि केस सगळे पांढरे झालेत. माझेही झालेत, तेव्हा त्यात तरी बरोबरी आहे.

निमित्त असं की आपल्या बॉक्सिंग क्लबाला यंदा साठ वर्षं होतात. मोठ्या हॉलच्या दारावर एकाच माणसाचा फोटो लावायचं ठरलंय. आपल्या वजनगटात साठ वर्षांत जितके चॅम्पियन झाले त्यांतला सगळ्यांत मोठा कोण, त्याचा. आता बोल! गेले तीन आठवडे क्लबात सराव कमी आणि भांडणं जास्त. शेजारच्या सलूनमधला न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवतो आणि वस्तरा घेऊन हॉलमध्ये येतो. त्याचा माणूस ठरलेला, खलाशी. "अहो, दर पंधरवड्याला लढायचा तो! एकशे चार लढती! आजचे हे वर्षातून दोनदा लढतात आणि मधल्या काळात फोटो काढून घेतात." नवी मंडळी मास्तरच्या बाजूची. मास्तर म्हणजे आत्ताचा चॅम्पियन. लढतीआधी समोरच्याच्या सगळ्या खोडी वहीत उतरवून काढतो म्हणून मास्तर. चोवीस लढती, हार एकही नाही. आणि पंचकाका (आहेत अजून, ऐंशी पार केली, आवाज तसाच) त्यांचं म्हणणं, गवंडी.

गवंडी कोण ते तुला सांगायला नको. घरात मी त्यांना अहो म्हणते. तू त्यांना कधी दाजी म्हटलं नाहीस.

चौथं नाव तुझं होतं. एकतीस लढती, त्यातल्या सत्तावीस समोरच्याला झोपवून. परवाच्या बैठकीत पंचकाकांनी त्यावर रेघ मारली. म्हणाले, "पोस्टमनचा हात मोठा होता यात वाद नाही. पण गवंड्याशी लढला तेव्हा त्यात दम उरला नव्हता. सव्विसाव्या वर्षी ज्याचा हात जातो, तो मोठा कसला?" मी मागे स्टुलावर बसून एका ग्लोव्हची दोरी ओवत होते. ती एकच दोरी मी तीनदा ओवली.

तुझ्याकडे तुझ्या लढतींची यादी असेल तर पाठव, क्लबाला हवी आहे. नसली तरी चालेल.

ताई


९ मार्च

धाकट्या,

यादीचं मी उगाच लिहिलं होतं. यादी क्लबात आहेच. तुला लिहायला काहीतरी कारण हवं होतं, म्हणून लिहिलं.

इथे आता गणित सुरू झालंय. नावांच्या त्याच मोठ्या पुठ्ठ्यावर पंचकाकांनी तक्ता आखलाय. ठोसा, पाय, बचाव, दम, छाती, असे रकाने आणि दहापैकी गुण. दमाच्या रकान्यात गाडी अडली. खलाशी पंधरा फेऱ्या लढायचा, मास्तर बारा. मग मास्तरच्या दमाला गुण द्यायचे कसे? डॉक्टर म्हणतात, आता वजन आदल्या दिवशी घेतात, रात्रीत तीन किलो भरून निघतात, जुन्या काळी सकाळी वजन आणि दुपारी लढत. न्हावी म्हणतो, खलाशाच्या वेळी कपाळ फुटलं तरी पंच लढत थांबवत नसत. मास्तर शांतपणे म्हणाला, "थांबवली असती तर त्याच्या खात्यात अजून दहा हारी असत्या." न्हावी त्याच्या अंगावर धावला. वस्तरा हातातच होता, त्यामुळे सगळ्यांना धावावं लागलं.

मला कुणी विचारत नाही. पण चाळीस वर्षं या माणसांचे ग्लोव्हज मीच उसवते आणि मीच शिवते. फोटोत दिसत नाही ते आतून दिसतं. खलाशाच्या ग्लोव्हमधले घोड्याचे केस उजव्या हाताला भुगा झालेत आणि डाव्या हाताला नव्यासारखे आहेत. म्हणजे एकशे चार लढती तो गडी एकाच हातावर लढला. मास्तरच्या ग्लोव्हमध्ये फोम असतो. तो जेमतेम दबतो, पण दोन्ही हातांना अगदी सारखा. त्याला कुणाला पाडायचंच नसतं, गुण हवे असतात, आणि ते तो घेतो. गवंड्याच्या ग्लोव्हचं कातडं पुढे नाही, मनगटापाशी झिजलंय, कारण ते अर्धा वेळ हात वर धरून ठोसे झेलत राहायचे. आता यात मोठा कोण? प्रत्येकानं त्या दिवशी समोर आला त्याला तोंड दिलं. आपण इथे बसून एकाला दुसऱ्याच्या दिवसात ढकलतो आणि तिथे तो पडतो की उभा राहतो ते बघतो. मला तर हा रिकामटेकडेपणा वाटतो. तरी रोज जाऊन ऐकते.

डॉक्टरांनी काल एक तोड काढली. म्हणाले, "सारखं म्हणता ना, जुन्यांचे ग्लोव्हज हलके होते, म्हणून त्यांचे ठोसे लागायचे? मग तोलून बघू. अंदाज कशाला?" दारातल्या काचेच्या कपाटात प्रत्येक चॅम्पियनच्या सगळ्यांत मोठ्या लढतीचे ग्लोव्हज ठेवलेले आहेतच. बावीस तारखेला सगळ्यांदेखत ते काट्यावर ठेवायचे. तुझेही. तुझं नाव खोडलंय, पण गवंड्याच्या त्या लढतीत समोर तू होतास म्हणून.

कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. पंचकाका म्हणाले, "बाई, तेवढे पुसूनबिसून आणा." मी हो म्हटलं. मग कामावर बसले आणि एका ग्लोव्हचा अंगठा उलट्या बाजूला शिवला. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

ताई


१३ मार्च

धाकट्या,

चारी जोड घरी आणलेत. कातड्याला तेल द्यायचं म्हणून सांगितलं. तेल देऊन झालं, तरी जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवलेत आणि मी या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे. काल सूप खारट झालं, आज अळणी. हे काही बोलले नाहीत. बोलत नाहीत हीच यांची खोड.

तुझे ग्लोव्हज मी हातात घेतलेले नाहीत. फडक्यानंच उचलले.

सकाळी न्हावी आला होता, खलाशाचे बघायला. हेही बसले होते. न्हाव्यानं मुद्दाम काडी टाकली, "गवंडी, खरं सांगा, खलाशासमोर किती फेऱ्या टिकला असतात?" हे म्हणाले, "काय माहीत. चांगला होता म्हणतात." मग नेहमीप्रमाणे साखरेचं भांडं पुढे ओढलं. साखरेचं भांडं म्हणजे तू, मिठाची बाटली म्हणजे ते स्वतः. ती लढत मी या टेबलावर किती वेळा पाहिली असेल देव जाणे. सातव्या फेरीत भांडं बाटलीला कोपऱ्यात दाबतं. अकराव्या फेरीत तुझा उजवा यांच्या डाव्या कानावर बसतो आणि तो कान कायमचा जातो. बाटली उभीच. आणि मग ते म्हणतात, "मी कुणापेक्षा मोठा ते मला ठाऊक नाही. पण पोस्टमनचा हात मी पंधरा फेऱ्या खाल्ला. तेवढं माझं." दर वेळी अगदी याच शब्दांत. त्या वेळी त्यांचा चेहरा बघवत नाही मला, इतका सुखी असतो.

यांच्याजवळ दुसरं काही नाही, धाकट्या. जन्मभर लोकांची घरं बांधली. यांनी बांधलेल्या भिंतींवर यांचं नाव नाही. पंधरा फेऱ्या तेवढ्या नावावर आहेत. आणि बावीसला दारावर फोटो लागला तर तो त्याच पंधरा फेऱ्यांसाठी.

तुला आठवतं का, लढतीनंतर तू आत आलास, बाकावर बसलास, मी तुझ्या ग्लोव्हच्या दोऱ्या कापत होते? तू विचारलंस, "ताई, माझे हात जड का झाले होते?"

मी काय उत्तर दिलं ते तुला आठवत असणारच. म्हणूनच तू गेलास.

ताई


१६ मार्च

धाकट्या,

आता सांगते. एका दमात सांगते, नाहीतर पुन्हा न्हाव्याच्या गोष्टी लिहीत बसेन.

तुझ्या ग्लोव्हमध्ये मी भर घातली होती. दोन्हीत.

सकाळी पंचांनी ग्लोव्हज तोलले होते. आठ औंस, सव्वादोनशे ग्रॅम, सही झाली. दुपारी तुझ्या उजव्या अंगठ्याची शिवण सुटली आणि तू ते माझ्याकडे पाठवलेस. शिवण खरंच सुटली होती, त्यात माझा हात नव्हता. खोलीत मी एकटी होते. माझ्या शिवणयंत्राखाली, आवाज बसावा म्हणून, लोकरीचा जाड नमदा अंथरलेला असायचा. करंगळीएवढा जाड. त्याचे दोन तुकडे कापले, ग्लोव्हमधले केस बाजूला सारले, ठोसा मऊ लागावा म्हणून तुकडे बोटांच्या उंचवट्यावर बरोबर बसवले आणि वरून शिवून टाकलं. बाहेरून काही कळत नव्हतं. माझं काम चांगलंच असतं.

कारण सांगते. त्याआधीच्या लढतीत तू त्या छापखान्यातल्या माणसाला पाडलंस. तो वाचला, पण पुन्हा नीट बोलला नाही. तुला आठवतं, तू त्याला भेटायला जायचास, शेजारी बसायचास, आणि घरी आलास की हात पाण्याखाली धरून उभा राहायचास. आई म्हणायची, नळ बंद कर रे. मला वाटलं, अजून एखाद्याचं तसं झालं तर तू उभा राहणार नाहीस. मला तुझी काळजी होती.

सातव्या फेरीत तू कोपऱ्यात येऊन म्हणालास, हात जड वाटतायत. कोपऱ्यातल्या तुझ्या मदतनिसानं सांगितलं, घामानं ग्लोव्हज भिजलेत, चालायचंच. पंधराव्या फेरीनंतर तू माझ्याकडे आलास. दुसऱ्या कुणाला विचारलं नाहीस, मलाच विचारलंस. आणि मी कात्री चालवता चालवता म्हटलं, "दमलास तू. हात गेला तुझा, धाकट्या. आता थांब."

तू मान हलवलीस. माझा शब्द तू खाली पडू दिला नाहीस. थांबलास.

एकोणतीस वर्षं ते वाक्य मी रोज ऐकते, आणि रोज ते माझ्याच आवाजात असतं.

ताई


१७ मार्च

धाकट्या,

कालचं पत्र सकाळी टाकलं आणि दुपारपासून जिवाला चैन नाही. त्यातलं एक खोटं आहे. सगळं नाही, एकच.

तुझी काळजी होती हे खरं. छापखान्यातला माणूसही खरा. पण त्याच्यासाठी मी कातर हातात घेतली नसती.

मी आणि गवंडी चार महिने भेटत होतो. तुला माहीत नव्हतं, आईला नव्हतं. क्लबामागे जी नवी भिंत उठत होती ती तेच बांधत होते. मी डबा खायला तिथे जाऊन बसायची. ते विटा रचता रचता माझ्याशी बोलायचे. आता बोलत नाहीत, पण तेव्हा बोलायचे. आणि मग एक दिवस म्हणाले की पुढची लढत पोस्टमनशी आहे. तुझा हात काय चीज आहे ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तुझे फाटलेले ग्लोव्हज मीच शिवत होते ना.

मी भावाला वाचवायला नमदा घातला नाही. त्यांना वाचवायला घातला. तुझा पट्टा गेला, तुझं नाव गेलं, तू गेलास, आणि ते चॅम्पियन झाले. मी दीड वर्षानं त्यांच्याशी लग्न केलं. त्यांना यातलं काहीही माहीत नाही. आजही नाही.

शिवणयंत्र तेव्हापासून खडखडतं. हे दर महिन्या-दोन महिन्यांनी म्हणतात, "अगं, खाली काहीतरी घालून देतो, डोकं उठतं." मी नको म्हणते. म्हणते, मला सवय झाली आहे.

आता ऐक. ग्लोव्हज टेबलावर आहेत. बावीसला अजून पाच दिवस आहेत. टाके उसवून नमदा काढायला मला पाऊण तास पुरे. जुनाच दोरा, जुनीच भोकं, कुणाच्या बापाला कळणार नाही. काटा सव्वादोनशे दाखवेल. पंचकाका म्हणतील, बघा, ग्लोव्हज सारखे, हात गेला होता हेच खरं. दारावर यांचा फोटो लागेल. आणि तू कायमचा हात गेलेला.

नाही काढला तर तुझा हात तुला परत मिळेल, आणि यांच्या पंधरा फेऱ्या जातील.

काय करू ते मला सांग. शिव्या घालायच्या असतील तर घाल, पण सांग. पत्र पोचायला दोन दिवस लागतात, तुझं यायला दोन. तार कर, फोन कर. क्लबाचा नंबर तोच आहे.

ताई


२१ मार्च

धाकट्या,

तुझं काही आलं नाही. येणार नव्हतंच. आज सकाळी अकरा वाजता मी सुरी घेऊन बसले.

हो, काढायलाच बसले होते. तुझ्याशी आता काय लपवायचं? मला वाटलं, तो तिकडे दूर आहे, त्याची सवय झाली असेल. हे इथे समोर आहेत, रोज साखरेचं भांडं ओढतात. जवळच्याचं बघावं. असा विचार मी दुसऱ्यांदा केला, एकोणतीस वर्षांनी, त्याच ग्लोव्हवर.

उजव्याची शिवण उसवली. बोटं आत घातली तर नमदा लागेना. क्षणभर वाटलं, आपण घातलाच नव्हता की काय, सगळं मनाचेच खेळ. मग हाताला लागला. बाहेर ओढला.

धाकट्या, करंगळीएवढा जाड तुकडा होता तो. कडेला अजून तेवढाच जाड आहे. मधे पुठ्ठ्याइतका पातळ. चार ठिकाणी चार खळगे पडलेत, ओळीनं, आणि त्या चार ठिकाणी लोकर दबून दबून लाकडासारखी कडक झाली आहे. पंधरा फेऱ्यांत. मी चाळीस वर्षं हे काम करते. असं दबलेलं भरण मी दुसऱ्या कुणाच्या हाताखाली बघितलं नाही. खलाशाच्या नाही, कुणाच्याच नाही.

मी तो हातात घेऊन रडत होते, म्हणून हे कधी आत आले ते कळलं नाही. डावा कान माझ्याकडे असता तर त्यांना माझं रडणं ऐकूही गेलं नसतं. त्यांनी ग्लोव्ह बघितला, नमदा बघितला. मग माझ्या शिवणयंत्राकडे बघितलं, त्याच्या चार मोकळ्या पायांकडे. गवंडी आहेत ते, कुठला तुकडा कुठून निघालाय ते त्यांना सांगावं लागत नाही.

"दोन्हीत?" त्यांनी विचारलं.

"दोन्हीत."

"त्याला माहीत होतं?"

"नाही."

"माझ्यासाठी?"

मी मान डोलावली. ते खुर्चीवर बसले. नमदा उचलून बराच वेळ उलटसुलट केला. मग डाव्या कानाला लावला आणि तसाच धरून राहिले.

"हा नसता," ते म्हणाले, "तर मी आज इथे बसलो नसतो."

मला वाटलं, सुटले. जीव भांड्यात पडला म्हणतात तसं झालं. पण ते पुढे म्हणाले, "आणि मी एकोणतीस वर्षं लोकांना सांगत फिरलो, त्याचा हात मी खाल्ला म्हणून. तू समोर बसून ऐकत होतीस. चहा ओतत होतीस."

"अहो..."

"शिव परत."

"काय?"

"आहे तसा आत घाल आणि शिव. उद्या काट्यावर जाऊ दे."

"तुमचा फोटो..."

"शिव म्हटलं ना!" यांनी आवाज चढवलेला मी फारसा ऐकलेला नाही. मग ते उठून अंगणात गेले आणि कुंपणाची जी भिंत अगदी धड आहे तिच्यातल्या दोन विटा काढून पुन्हा बसवत राहिले, दुपारभर.

मी शिवलं. दोरा मेणाचा, टाके जुन्याच भोकांतून. सगळे सरळ आले.

ताई


२५ मार्च

धाकट्या,

झालं.

हॉल गच्च भरला होता. काटा डॉक्टरांनी दवाखान्यातून आणला होता. खलाशाचा ग्लोव्ह, एकशे सत्तर ग्रॅम. न्हावी हळहळला, कारण हलक्या ग्लोव्हजचं बोलणं खरं ठरलं आणि ते त्याच्याच माणसावर उलटलं. गवंड्याचा, दोनशे सव्वीस. मास्तरचा, आताच्या नियमानं दहा औंसांचा, दोनशे त्र्याऐंशी. मग तुझा ठेवला. दोनशे चौऱ्याऐंशी.

डॉक्टरांनी काटा झटकला, पुन्हा ठेवला. तेवढेच. पंचकाका म्हणाले, "हे कसं शक्य आहे? सही माझी आहे." मी स्टुलावरून उठले. मला बोलायचं होतं, रात्रभर पाठ केलं होतं. पण हे आधी उभे राहिले. हे, सभेत! म्हणाले, "पंचकाका, सही बरोबर आहे. त्यानंतर त्यात भर घातली गेली. माझ्यासाठी. मला काल कळलं. ती लढत माझ्या नावावरून काढा." आणि खाली बसले. कुणी घातली ते त्यांनी सांगितलं नाही. ते मी सांगितलं. सगळं, चार महिन्यांसकट, तू बाकावर बसून काय विचारलंस आणि मी काय सांगितलं त्यासकट.

मग मास्तर पुढे आला. त्यानं तुझा ग्लोव्ह एका हातात घेतला, स्वतःचा दुसऱ्या हातात, आणि म्हणाला, "म्हणजे पोस्टमननं त्या दिवशी माझे ग्लोव्हज घातले होते. आणि समोरच्यानं आठ औंसांचे." मग म्हणाला, "मला या ग्लोव्हजनं कुणाचा कान घालवता येणार नाही." वहीत काही लिहिलं नाही त्यानं.

मी सगळ्यांसमोर दोन्ही ग्लोव्हज उसवले आणि नमदे काढून टेबलावर ठेवले. पंचकाकांनी चष्मा पुसून ते खळगे बघितले, बोट फिरवलं. मग पुठ्ठ्याच्या तक्त्यापाशी गेले आणि तुझ्या नावावरची रेघ खोडायचा प्रयत्न करू लागले. शाईची होती, खोडली जाईना. शेवटी खाली नव्यानं नाव लिहिलं.

फोटोचं काहीच ठरलेलं नाही. उलट भांडण दुप्पट झालंय. नमदा नसता तर पोस्टमननं खलाशाला कितव्या फेरीत पाडलं असतं, यावर न्हाव्यानं काल दोन गिऱ्हाइकं गमावली. दारावर खिळा ठोकलाय आणि तो रिकामा आहे. मला वाटतं तो तसाच राहील, आणि राहिला तर बरंच.

कपाटाची किल्ली पंचकाकांनी माझ्याकडून घेतली. कामही गेलं. "बाई, आता तुमच्या हातचा ग्लोव्ह कुणी घालायचा?" असं म्हणाले, आणि म्हणताना त्यांनाच वाईट वाटत होतं. रास्त आहे ते. मी वाद घातला नाही.

हे घरात आहेत. जेवतात, चहा घेतात. पण टेबलाशी आता उजवीकडे बसतात, म्हणजे माझ्याकडे डावा कान येतो. मी काय बोलते ते त्यांना ऐकू येत नाही. त्यांना ऐकायचं नसावं. साखरेचं भांडं जिथल्या तिथे असतं. परवा एकदाच, माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याला कळवलंस?" मी मोठ्यानं म्हटलं, "कळवते आहे." डावा नमदा त्यांच्या कोटाच्या खिशात आहे. मी तो मागितला नाही.

तू ये असं मी म्हणत नाही. माफ कर असंही म्हणत नाही, मला तो हक्क राहिलेला नाही. फक्त माझं एक वाक्य मी परत घेते. एकोणतीस वर्षं उशिरानं घेते. त्या दिवशी तू बाकावर बसून जे विचारलंस त्याचं उत्तर हे, की हात मी जड केले होते. तुझा हात गेला नव्हता.

आणि माझ्या शब्दावर आता तू विश्वास का ठेवावास? नको ठेवूस. पाकीट हातात घेतल्याबरोबर तुला वजन वेगळं लागलं असेल, दिवसभर तेच तर करतोस तू. आतल्या कागदाच्या पुडीत उजव्या हाताचा नमदा आहे. त्याच्यावर चार खळगे आहेत. टेबलावर ठेव, आणि मूठ वळून त्यावर टेकवून बघ.

ताई